वकिलाची वही आणि आपलं जातं

सगळ्या बसलात का? चुलीवर भाकरी असेल तर असू दे, फक्त रेडिओचा आवाज जरा मोठा करा. आम्ही गटाच्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलोय.

मागच्या भागात आम्ही सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं ते सांगितलं होतं. त्यावर बऱ्याच जणींचे निरोप आले. एका ताईंनी विचारलं, "कायद्याचं फार झालं, आता एखादा गाण्याचा भाग करा की." दुसऱ्या म्हणाल्या, "गाणं बिणं नको, कायद्याचंच सांगा." आम्ही विचार केला, दोघींचंही ऐकू. म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट आणलीय, जो वकील होता आणि गाण्यासाठी उभा देश फिरला. त्याच्या गोष्टीतून आम्हाला आमची एक चूक कळली. ती चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हा भाग.

आधी आमची चूक सांगतो.

आमच्या गटात एक म्हाताऱ्या आहेत. त्यांना आम्ही सगळ्या थोरल्या आई म्हणतो. वय विचारलं तर सांगायच्या, "मोठा दुष्काळ पडला तेव्हा मला दोन लेकरं होती." त्यावरून तुम्हीच हिशोब करा. थोरल्या आईंना ओव्या किती येत होत्या, त्याची मोजदाद नव्हती. गावात हळद असली की जातं बाहेर निघायचं, त्याला सुपारी बांधायची, आणि खुंट्याला पहिला हात थोरल्या आईंचाच. एक ओवी संपायच्या आत दुसरी तयार. भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या, पावसाच्या. सासूवरच्या ओव्या म्हणताना त्या डोळा मारायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो.

दरवर्षी आम्ही म्हणायचो, या ओव्या एकदा बसून लिहून घेऊ. मग खुरपणी आली, काढणी आली, गटाची कर्जफेड आली, कोणाच्या मुलीची परीक्षा आली. सुगी झाली की बघू, असं करता करता तीन सुग्या गेल्या. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी थोरल्या आईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आता त्या ओसरीवर बसून असतात. आपण बोललेलं त्यांना सगळं समजतं, पण तोंडातून शब्द येत नाही.

आमच्याकडे वही होती, पेन होता, प्रत्येकीच्या हातात फोन होता. थोरल्या आई चार घरं सोडून राहत होत्या. तरी आम्ही लिहिलं नाही.

आता त्या वकिलांकडे वळू. त्यांचं नाव विष्णू नारायण भातखंडे. जन्म १८६० सालचा, मुंबईतल्या वाळकेश्वरचा, गोकुळाष्टमीच्या दिवशीचा. घर मध्यम परिस्थितीचं. लहानपणापासून गाण्याची ओढ. बासरी वाजवली, मग सितार शिकले. पण त्या काळी चांगल्या घरातल्या मुलानं गाण्यावर पोट भरायचं ही कल्पनाच कोणाला मानवणारी नव्हती. म्हणून कॉलेज केलं, १८८५ साली बी.ए. झाले आणि १८८७ साली वकिलीची परीक्षा पास झाले. काही काळ कराचीत वकिली केली, मग मुंबईत.

मुंबईत पारशी मंडळींनी काढलेली 'गायन उत्तेजक मंडळी' नावाची संस्था होती. घरंदाज माणसांना चांगलं गाणं ऐकता यावं, शिकता यावं, म्हणून १८७० साली निघालेली. तरुण वयातच भातखंडे तिथं जायला लागले. तिथं रावजीबुवा बेलबागकरांकडून ते ध्रुपदं शिकले, बाकीच्या उस्तादांकडून ख्याल शिकले. शिकलेलं तिथंच पुढं शिकवूही लागले. म्हणजे माणूस एक आणि कामं तीन. पोटासाठी कोर्ट, गळ्यासाठी रियाज, आणि डोक्यासाठी जुने ग्रंथ वाचणं.

ते ग्रंथ वाचताना त्यांच्या लक्षात एक घोटाळा आला. पोथीत रागाचं वर्णन एक आणि गवई गातो ते दुसरंच. एका घराण्यातला राग दुसऱ्या घराण्यात वेगळ्याच सुरांनी गातात, आणि दोघंही म्हणतात, आमचंच खरं. मग खरं काय, हे ठरवायचं कसं?

कोर्टात काय करतात? साक्षीदार बोलावतात. एकाचं ऐकून निकाल देत नाहीत, दहा जणांचं ऐकतात. कागद तपासतात. उलट प्रश्न विचारतात. आम्हाला वाटतं, भातखंड्यांनी गाण्याच्या बाबतीत हेच केलं. गवयांसाठी प्रश्न काढून ठेवले आणि साक्षी घ्यायला ते घराबाहेर पडले.

बाहेर पडले त्याच्या आधी त्यांच्या घरी फार वाईट झालं होतं. १९०० साली त्यांची बायको वारली. १९०३ साली एकुलती मुलगी गेली. चाळिशी ओलांडलेला माणूस, घरात कोणी नाही. अशा वेळी कोणी खचून बसतं, कोणी देवाला जातं. भातखंडे १९०४ साली आगगाडीत बसले आणि दक्षिणेला निघाले.

मद्रासकडे गेले, पार खाली एट्टयपुरमपर्यंत गेले. तिथं सुब्बराम दीक्षितार नावाचे फार मोठे संगीतज्ञ राहत होते. भाषा वेगळी, गाण्याची पद्धत वेगळी, जेवणखाण वेगळं. तरी त्यांच्याजवळ बसून भातखंड्यांनी दक्षिणेचं संगीतशास्त्र समजून घेतलं. दक्षिणेतल्या लोकांनी आपले राग बहात्तर मेळांत व्यवस्थित लावून ठेवले होते. मेळ म्हणजे सुरांचा संच. आपण फडताळात डाळी एका खणात, पिठं दुसऱ्या खणात आणि मसाले तिसऱ्या खणात ठेवतो, तसं. ते पाहून त्यांना वाटलं, आपल्याकडच्या रागांचीही अशी मांडणी करता येईल. पुढं त्यांनी उत्तरेतले राग दहा थाटांत बसवले. आज गाण्याच्या क्लासला जाणारी कोणतीही मुलगी पहिल्या वर्षी हे दहा थाट शिकते.

दक्षिणेनंतर १९०७ साली नागपूर, हैदराबाद, कलकत्ता. १९०८ साली अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, उदयपूर. जिथं कोणी जाणता गवई आहे असं कळेल तिथं जायचं. दिवसभर गाठीभेटी आणि रात्री रोजनिशी लिहायची. कोणाला भेटलो, काय विचारलं, त्यानं काय उत्तर दिलं. पुढं वकिली त्यांनी सोडूनच दिली आणि सगळा जन्म याच कामाला दिला.

आता तुम्ही म्हणाल, गवयांनी त्यांना आपली गाणी दिली कशी? सोपं नव्हतं ते. त्या काळी गाण्याची चीज म्हणजे घरातला सोन्याचा दागिना. बाप मुलाला देणार, फार तर जावयाला देणार. बाहेरच्याला सगळ्यात चांगली चीज शेवटपर्यंत ऐकवायचीच नाही. यात त्यांची चूक होती असं आम्ही म्हणणार नाही. राजे, नवाब खूश झाले तर इनाम, नाहीतर उपास. चीज हीच त्यांची जमीन होती. आपण आपला सातबारा कोणाच्या हातात देतो का?

भातखंडे कोणाकडे पैसे देऊन शिकले, कोणाकडे विनवणी केली. रामपूरच्या नवाबांकडे गाण्याचा मोठा साठा होता. तो मिळावा म्हणून ते नवाब हमीद अली खान यांचे रीतसर गंडा बांधून शागीर्द झाले. शिकलेला, वय झालेला, ग्रंथ लिहिणारा माणूस, पण शिकायचं म्हटल्यावर दुसऱ्यापुढं खाली बसला. ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

मिळालेली चीज ते लिहून घ्यायचे. शब्द लिहिणं सोपं आहे हो, पण सूर कसा लिहायचा? त्यासाठी त्यांनी अगदी सोपी लिपी बसवली. सा रे ग म ही आपली साधी अक्षरंच घ्यायची. सूर कोमल असेल तर अक्षराखाली आडवी रेघ. मध्यम तीव्र असेल तर डोक्यावर उभी रेघ. खालच्या पट्टीतला सूर असेल तर अक्षराखाली टिंब, वरच्या पट्टीतला असेल तर अक्षरावर टिंब. तालाची सम जिथं येते तिथं फुली आणि खाली येते तिथं शून्य. झालं. चौथी शिकलेलं पोरगंसुद्धा दोन दिवसांत वाचायला शिकेल, अशी ही लिपी. फुली, टिंब, रेघ आणि शून्य, एवढ्यावर शेकडो वर्षांचं गाणं कागदावर उतरलं.

या चिजांची त्यांची पुस्तकं निघाली, 'क्रमिक पुस्तक मालिका'. सहा भाग, १८०० च्या आसपास चिजा. आणि शास्त्र समजावायला 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' नावाचे चार मोठे ग्रंथ. ते त्यांनी मराठीत लिहिले, आणि कसे लिहिले माहितीय? शिष्य प्रश्न विचारतोय आणि गुरू उत्तर देतोय, असे. दोन माणसं बसून बोलतायत, तसे. जसं आपण आत्ता बोलतोय.

पुस्तकं झाली तशा शाळाही झाल्या. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं देशभरातल्या संगीतकारांची पहिली मोठी परिषद त्यांनी भरवली. १९१८ साली ग्वाल्हेरला संगीताचं विद्यालय निघालं. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं, तेच आज भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. ज्या गाण्यासाठी आधी उस्तादाच्या घरी जन्म घ्यावा लागायचा, ते गाणं फी भरून शिकता यायला लागलं. आणि त्या दारातून बायकाही आत आल्या. ज्या घरांत गाणारी बाई म्हटलं की नाक मुरडायचे, त्या घरांतल्या मुली वही काखेत घेऊन गाणं शिकायला जायला लागल्या.

१९३३ साली भातखंड्यांना अर्धांगवायू झाला. पुढची तीन वर्षं ते अंथरुणावर होते. १९३६ साली गणेश चतुर्थीच्या दिवशी गेले.

हे आम्ही वाचलं तेव्हा गटात कोणी काही बोलेना. सगळ्यांच्या डोळ्यांपुढं थोरल्या आई आल्या. आजार तोच. त्यांच्या गाण्याचं मात्र लिहून झालं होतं. आमच्या थोरल्या आईंचं काहीच झालं नव्हतं.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर आम्ही एकाच साक्षीदाराचं ऐकून निकाल दिला असं होईल. भातखंड्यांनी ज्या उस्तादांकडून गाणी घेतली, त्यांच्यातल्या कित्येकांबद्दल त्यांनी फार कडक लिहिलंय. यांना गाता येतं पण शास्त्र कळत नाही, हे अडाणी आहेत, असा त्यांचा सूर होता. आणि त्या पुस्तकांत चीज छापलेली दिसते, राग दिसतो, ताल दिसतो, पण ती कोणत्या गवयाच्या तोंडून आली, त्याचं नाव चिजेखाली सहसा दिसत नाही.

अडाणी हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या आया, आज्या जन्मभर हाच शब्द ऐकत आल्या. अंगठा उठवणारी ती अडाणी. पण शेकडो ओव्या डोक्यात ठेवणारी, दळणाच्या फेऱ्याला शब्द बरोबर बसवणारी, समोर कोण बसलंय ते बघून त्या क्षणी नवी ओवी रचणारी बाई अडाणी कशी? शाळेत गेली नाही एवढंच. तेव्हा भातखंड्यांची चिकाटी आपण घेऊ. तो शब्द मात्र घ्यायचा नाही.

आता कोणी म्हणेल, तो राजेरजवाड्यांचा राग आणि कुठं आपली जात्यावरची ओवी. पण आपल्याकडे ओवीचीही कामं झाली आहेत. बहिणाबाई चौधरी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. जळगावकडच्या शेतकरी बाई, लिहिता वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता गाणी म्हणायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातला एक नातेवाईक, यांनी ती वहीत उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. ती वही नसती तर आज शाळेच्या पुस्तकात बहिणाबाई नसत्या. बाई तेवढीच मोठी असती, पण आपल्याला तिचा पत्ता लागला नसता.

साने गुरुजींनीही बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' नावानं छापल्या. आणि अलीकडच्या काळात पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्व्हँ, या दोघांनी आपल्या सोबत्यांना घेऊन हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! आपण ज्याला दळणकांडण म्हणून सोडून देतो, त्यात एवढं धन होतं. आज त्या ओव्या 'पारी' या संस्थेनं जपल्या आहेत. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, ती काय काम करते तेसुद्धा आहे. भातखंड्यांच्या पुस्तकात जी जागा रिकामी राहिली, ती इथं भरलेली आहे.

हे सगळं कळल्यावर आम्ही काय केलं, ते सांगतो.

थोरल्या आईंच्या ओव्या त्यांच्याकडून मिळणार नव्हत्या. पण पन्नास वर्षं त्यांच्या समोर बसून जात्याचा खुंटा धरणारी त्यांची जाऊ आहे. आम्ही तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "मला कुठं येतात बाई, मी तर मागनं म्हणणारी." आम्ही नुसतं "ओव्या सांगा" म्हटलं तर तिला एकही आठवेना. मग एकीनं डोकं चालवलं. घरामागं पडलेलं जातं धुतलं, अंगणात मांडलं, पायलीभर ज्वारी घेतली आणि तिला म्हटलं, "चला, दळू." दोन घास घातले, जातं फिरायला लागलं, आणि तिसऱ्या फेऱ्याला तिच्या तोंडून ओवी बाहेर पडली. मग थांबेचना. हाताला काम लागल्याशिवाय ती ओवी सुटतच नव्हती. त्या दिवशी बेचाळीस ओव्या मिळाल्या.

थोरल्या आईंना आम्ही शेजारी खुर्चीवर बसवलं होतं. त्यांची जाऊ एका ओवीत चुकली. थोरल्या आईंनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा जोरात वाजवला. ती पुन्हा चुकली, पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा शब्द बरोबर आला तेव्हा त्यांनी मान हलवली. तेव्हा आम्हाला कळलं, त्यांच्यात अजून सगळं शाबूत आहे, फक्त बाहेर येत नाही. त्या दिवसापासून त्या आमच्या तपासनीस झाल्या. जाऊबाई म्हणतात, आम्ही लिहितो, थोरल्या आई दांडा वाजवतात. असं करत आतापर्यंत तीनशे सोळा ओव्या झाल्या.

तुम्हाला करायचं असेल तर आमची पद्धत सांगतो. एक जाड दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर वर चार गोष्टी आधी लिहा: म्हणणारीचं नाव, तिचं माहेरचं गाव, तारीख, आणि ही ओवी ती कोणाकडून शिकली. माहेरचं गाव विसरू नका, कारण ओवी बाईबरोबर माहेराहून सासरी येते. फोनवर आवाज घ्या, पण फोनवर भरवसा ठेवू नका. तो हरवतो, फुटतो, पोरं त्यातलं पुसून टाकतात. त्याच आठवड्यात ऐकून वहीत उतरवा. शब्द सुधारू नका. बाई जसं म्हणते तसंच लिहा, आपल्याला ते अशुद्ध वाटलं तरी. एकच ओवी दोघींनी वेगळी म्हटली तर दोन्ही लिहा. कोणती खरी, यावर भांडत बसू नका.

आणि आधी विचारा. आमच्या एका मैत्रिणीनं भावाबद्दलच्या काही ओव्या सांगितल्या. भावानं हिस्सा नाकारला, त्याचं दुःख त्यात आहे. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "लिहा, पण मी जिवंत असेपर्यंत रेडिओवर लावू नका." आम्ही ती पानं दुमडून शिवून ठेवली आहेत. ती तिची गोष्ट आहे. उघडायची की नाही, ते ती ठरवणार.

आता कायद्याचं, ज्या ताईंना ते पाहिजे होतं त्यांच्यासाठी.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका हळदीत बाहेरचा एक जण आला होता. बायका गात होत्या ते त्यानं फोनवर घेतलं. कौतुक वाटलं असेल म्हणून कोणी काही बोललं नाही. पुढं जत्रेत तेच आवाज एका दुकानात वाजताना ऐकू आले. मध्ये बँजो घातलेला, आणि नाव भलत्याचंच. आमच्या बायका तिथं उभ्या राहून स्वतःचेच आवाज ऐकत होत्या. कोणाला काय बोलावं ते सुचलं नाही. आम्हाला वाटलं, गाणं तर पूर्वापार आहे, आपला काय हक्क?

नंतर आम्ही वकीलताईंना विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. जुनी, परंपरेनं आलेली ओवी कोणा एकीच्या मालकीची नसते, हे खरं. पण ती ओवी तुम्ही गायलात, तर त्या गाण्यावर, तुमच्या आवाजावर तुमचा हक्क असतो. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात गाणाऱ्या, नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या माणसाचे म्हणजे सादर करणाऱ्याचे हक्क वेगळे सांगितले आहेत. तुमच्या परवानगीशिवाय तुमचं गाणं ध्वनिमुद्रित करून विकायचा धंदा कोणी करू शकत नाही. हा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर हे गाणं माझं आहे, माझं नाव लावा, असंही गाणारीला मागता येतं. स्वतःपुरतं ऐकायला किंवा अभ्यासाला कोणी आवाज घेतला तर ती गोष्ट वेगळी. आणि जी ओवी तुम्ही स्वतः रचलीत, तिचे शब्दही तुमचेच.

म्हणून कोणी फोन पुढं केला की तीन प्रश्न विचारायचे. कशासाठी घेताय? कुठं वाजवणार? आमची नावं लावणार का? चांगला माणूस असेल तर रागावणार नाही. पैशाचा व्यवहार असेल तर कागद करा, आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही. अडचण आलीच तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथं बाईला वकील फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यानंच तसं सांगितलंय. फोन करायचा तर नंबर आहे १५१००. लिहून घ्या, एक पाच एक शून्य शून्य.

आमची वही हासुद्धा एक पुरावा आहे, असं वकीलताई म्हणाल्या. नाव, गाव, तारीख असलेलं पान दाखवता येतं. आमच्या तोंडी बोलण्याला जत्रेतला दुकानदार हसला असता.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच काम करा. आपल्या वाडीत, आळीत सगळ्यांत थोरली बाई कोण, तिच्याकडे जा. सुगीची वाट बघू नका. जातं असेल तर मांडा. नसेल तर सूप द्या हातात, पाखडायला लावा, नातवाला पाळण्यात घालायला लावा. काम सुरू झालं की गाणं येईल. पहिल्या दिवशी पाच ओव्या मिळाल्या तरी पुष्कळ. वर तिचं नाव घाला. तिला वाचता येत नसेल तर तिचं नाव तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

आम्ही थोरल्या आईंना त्यांचं नाव वाचून दाखवलं. जाऊबाईंनी सांगितलेल्या प्रत्येक ओवीखाली, कोणाकडून शिकली या ओळीत, त्यांचंच नाव आहे. पान उलटलं की पुन्हा तेच, पान उलटलं की पुन्हा तेच. दहाबारा पानं ऐकल्यावर त्यांनी दांडा वाजवला. आम्हाला वाटलं काही चुकलं. चुकलं नव्हतं. त्यांना चहा पाहिजे होता.

पुढच्या भागात तुमच्या वहीतल्या ओव्या तुमच्याच आवाजात ऐकवायचा विचार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी बुधवारी बाजाराच्या दिवशी केंद्रावर या. येताना वही आणा, आणि जिची ओवी आहे तिलाही बरोबर आणा. तिला विचारूनच लावू.

बरं, भाकरी करपली नाही ना कोणाची? येतो आम्ही. नमस्कार.